आमचा शनिवारचा अर्धा तास आणि केबल कंपनीची विक्री

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मागच्या काही महिन्यांत तीन-चार वस्त्यांमधल्या बायकांचे आणि एका गणेश मंडळाच्या पोरांचे फोन येऊन गेले. सगळ्यांचं एकच, की ताई आमच्याकडचंही केबल नेटवर्क मोठ्या कंपनीनं घेतलं, लोकल कार्यक्रम बंद केला, आता कुठे जायचं, कुणाला लिहायचं, पैसे किती लागतात. फोनवर सांगता सांगता अर्धं राहून जातं म्हणून तारीखवार सगळं एकदाच लिहून ठेवते. मी वकील नाही, पत्रकार नाही. नागपूरच्या मानेवाडा रोडला राहते, सकाळी एका शाळेची लायब्ररी बघते आणि दुपारनंतर बचत गटाचं काम असतं.

आधी तो अर्धा तास काय होता ते सांगते, नाहीतर एवढं कशासाठी धावलो ते कळणार नाही. 2016 च्या पोळ्याच्या आठवड्यात आमच्या केबलवाल्या दादांनी सहज विचारलं होतं, की लोकल चॅनेलवर शनिवारी संध्याकाळी सात ते साडेसात काहीच नसतं, जुनी गाणी लावतो, तुम्ही बचत गटवाल्या काही करता का. आम्ही सात जणी होतो. मोबाईलवर शूटिंग, आमच्यातल्या एका काकूंच्या पुतण्यानं दिलेला ट्रायपॉड, आणि शुक्रवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह कंट्रोल रूमला नेऊन द्यायचा. एक रुपया त्यांनी घेतला नाही आणि आम्हीही कधी मागितला नाही. त्यात असायचं काय, तर या आठवड्यात नळ कोणत्या लाईनला किती वाजता, रेशनची केवायसी कुठे होऊन राहिली, मेडिकलच्या ओपीडीत चिठ्ठी किती वाजेपर्यंत फाडतात, आणि शेवटची पाच मिनिटं वस्तीतलं कुणीतरी एक, कधी दाई, कधी संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणारी आजी.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीच्या काठच्या घरांमध्ये पाणी घुसलं, ते नागपुरात कुणाला सांगायला नको. त्यानंतर सरकारनं घरटी दहा हजार आणि दुकानाला पन्नास हजारापर्यंत मदत जाहीर केली, पण पंचनामा झाला तरच. त्या शनिवारी आणि पुढचे दोन शनिवार आम्ही कार्यक्रमात फक्त पंचनाम्याबद्दलच सांगितलं. आमच्यातल्या एकीनं स्वतःच्या घरची भिंत दाखवली, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर चिखलाची तपकिरी रेघ, आणि ती म्हणाली, बायांनो दसऱ्याची साफसफाई आठ दिवस पुढे ढकला, ही रेघ धुऊ नका, आधी हिच्याजवळ उभं राहून फोटो काढा. त्या एका वाक्यावर आम्हाला सत्तरच्या वर फोन आले. टीव्हीवर मोठे चॅनेलवाले पूर दाखवत होते, दाखवायलाच पाहिजे होता, पण रेघ धुऊ नका हे कोण सांगणार.

तर जानेवारी 2024 मध्ये दादा म्हणाले, "ताई, आमचं नेटवर्क विकून राहिले म्हणतात, आता मी काय सांगू तुमाले, मलेच माझं माहीत नाही." आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. ही आमची पहिली चूक, आणि सगळ्यात मोठीही तीच. तेव्हाच जुन्या मालकाकडून एका कागदावर लिहून घ्यायला पाहिजे होतं की अमुक सालापासून हा कार्यक्रम दर शनिवारी लागतो. विक्री झाल्यावर जुना मालक फोनही उचलत नाही.

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी मी पेनड्राइव्ह घेऊन गेले तर कंट्रोल रूमच्या शटरवर नवीन बोर्ड होता आणि आत नवीन मुलगा. त्यानं पेनड्राइव्ह घेतला, कुणाला तरी फोन लावला, मग पेनड्राइव्ह पाकिटात घालून परत माझ्या हातात दिला. म्हणाला, मॅडम नवीन मॅनेजमेंटकडे लोकल स्लॉट नाही. मी विचारलं नाही म्हणजे कधीपासून, तर तो म्हणाला या सोमवारपासून. मी बसस्टॉपपर्यंत चालत आले आणि तिथे बसून रडले, हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. साडेसात वर्षं, लॉकडाऊनचे काही आठवडे सोडले तर एकही शनिवार चुकला नव्हता.

पुढचे पंधरा दिवस आम्ही जे केलं ते करू नका. रागारागात एकच लांबलचक पत्र लिहिलं आणि जितके पत्ते सापडले तितक्यांना पाठवलं, दिल्ली, मुंबई, नागपूर मिळून अकरा ठिकाणी. जीपीओतून स्पीड पोस्ट, प्रत्येकी चाळीस-पन्नास रुपये, पाचशेच्या आसपास खर्च. बहुतेक ठिकाणाहून उत्तरच नाही, जिथून आलं तिथून "सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही". वर 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, नागपूरचं मतदान 19 एप्रिलला, त्यामुळे इथल्या कुठल्याच ऑफिसात कुणाला मान वर करायला वेळ नव्हता.

आमच्या गल्लीत टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले एक काका आहेत. त्यांनी ते पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेटा, यात तू रडली आहेस, विचारलं काहीच नाहीस. ज्या ऑफिसला ज्याचं उत्तर देता येतं तेवढंच त्याला विचार." मग रोज संध्याकाळी तास-दीड तास असे वीस-एक दिवस आम्ही बसलो आणि कंपन्या एकमेकांत जातात तेव्हा कोण काय बघतं ते समजून घेतलं. मला समजलं तसं सांगते.

पहिलं, कॉम्पिटिशन कमिशन म्हणजे सीसीआय. कंपनी विकत घेणं किंवा विलीनीकरण ठरावीक आकाराच्या वर असेल तर सीसीआयची मंजुरी घ्यावी लागते, आणि आलेल्या प्रत्येक अर्जाचा सारांश त्यांच्या वेबसाईटवर टाकतात, तो कुणीही वाचू शकतो. जाहिरात देऊन लोकांच्या हरकती मागवतात ते मात्र प्रकरण सखोल चौकशीच्या टप्प्यात गेलं तरच, आणि बहुतेक प्रकरणं पहिल्याच टप्प्यात मंजूर होतात. म्हणून सारांश दिसल्या दिसल्या लिहायचं, जाहिरातीची वाट बघायची नाही. 2023 च्या दुरुस्तीनं सगळ्याची कमाल मुदतही 210 दिवसांवरून 150 वर आणली, ती 10 सप्टेंबर 2024 पासून लागू झाली. पण आमच्या बाबतीत हे सगळं गैरलागूच. विकल्या जाणाऱ्या कंपनीची भारतातली मालमत्ता 450 कोटींच्या आत किंवा उलाढाल 1250 कोटींच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे सीसीआयकडे जावंच लागत नाही, हा आकडा मार्च 2024 मध्येच वाढवलेला. आमच्या शहरातलं केबल नेटवर्क याच्या कितीतरी खाली. म्हणजे माणसांच्या घराघरात पोचलेली वायर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि विचारणारं कुणी नाही. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरं, कंपनी कायद्याखाली विलीनीकरणाची योजना एनसीएलटीपुढे, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणापुढे जाते, पण तिथे हरकत घ्यायची तर निदान दहा टक्के शेअर तुमच्याकडे पाहिजेत किंवा कंपनीच्या एकूण थकीत कर्जातलं निदान पाच टक्के तुमचं पाहिजे. ग्राहक म्हणून, प्रेक्षक म्हणून तिथे उभं राहता येत नाही.

तिसरं मोबाईल कंपन्यांचं, ते दूरसंचार विभागाकडे. 20 फेब्रुवारी 2014 च्या नियमात होतं की एका सर्कलमध्ये, म्हणजे साधारण एका राज्याएवढ्या भागात, विलीन झालेल्या कंपनीचा वाटा ग्राहकांत किंवा उत्पन्नात पन्नास टक्क्यांच्या वर गेला तर वर्षभरात तो खाली आणायचा. व्होडाफोन आणि आयडिया 31 ऑगस्ट 2018 ला एक झाल्या तेव्हा याच नियमाची चर्चा होती. केबलचा याच्याशी संबंध नाही, पण मला त्यातून एक दिसलं, की सगळीकडे मोजतात ते ग्राहक आणि उत्पन्न. 2022 मध्ये झी आणि सोनीच्या विलीनीकरणाला सीसीआयनं अट घातली तीही तीन चॅनेल विकण्याची, बिग मॅजिक, झी अ‍ॅक्शन आणि झी क्लासिक. ते विलीनीकरण पुढे जानेवारी 2024 मध्ये मोडलंच. पण वस्तीतल्या माणसाला त्या वायरवर बोलायला किती मिनिटं मिळत होती आणि आता किती मिळतील, हा रकाना मला कुठल्याच फॉर्ममध्ये सापडला नाही. काकांना म्हटलं, मग हाच रकाना आपण मागायचा.

आणि शेवटी सापडलं ते खरं आमच्या कामाचं. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाचे 30 नोव्हेंबर 2022 चे प्लॅटफॉर्म सर्व्हिसेसचे नियम. केबल कंपनी स्वतः जे लोकल चॅनेल चालवते त्याला कागदोपत्री प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात, हे नाव आम्हाला साडेसात वर्षांत माहीत नव्हतं. एका चॅनेलची नोंदणी फी फक्त 1000 रुपये, एकदाच. कंपनी जितकी चॅनेल दाखवू शकते त्या एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत अशी चॅनेल चालतात, हिशेब राज्यनिहाय, आणि त्याशिवाय प्रत्येक जिल्ह्याच्या स्थानिक कार्यक्रमांसाठी आणखी दोन चॅनेलची मुभा. हे "आणखी दोन" मी वहीत लाल पेनानं लिहिलं. म्हणजे जागा नाही हे उत्तर बरोबर नव्हतं. मात्र ही मुभा आहे, सक्ती नाही, हे काकांनी तिथल्या तिथे सांगितलं आणि ते बरं झालं, नाहीतर आम्ही कंपनीपुढे चुकीचं बोललो असतो.

मे महिन्यात, नागपूरचा मे म्हणजे दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं नाही, त्याच वेळात घरी बसून ऑनलाइन आरटीआय टाकला. फी 10 रुपये. भावना एकही नाही, फक्त तीन प्रश्न: या कंपनीनं महाराष्ट्रात किती प्लॅटफॉर्म चॅनेल नोंदवले, त्यातले नागपूर जिल्ह्यासाठी किती, आणि जिल्ह्यासाठीच्या जादा दोनपैकी किती वापरले. मुदत तीस दिवसांची, उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आलं. नागपूर जिल्ह्यासाठी शून्य. मी ते पान प्रिंट काढून देवघरात ठेवलं होतं, खरंच.

जूनमध्ये निकाल लागले, आचारसंहिता उठली, आणि आम्ही दोन कागद केले. एक कंपनीच्या राज्यातल्या नोडल ऑफिसरला, कारण ट्राय म्हणजे दूरसंचार आणि केबलवर देखरेख करणारं नियामक प्राधिकरण, त्याच्या 2017 च्या नियमाप्रमाणे कंपनीला राज्यासाठी नोडल ऑफिसर नेमावाच लागतो. दुसरा जिल्ह्याच्या केबल टीव्ही देखरेख समितीला, जिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यासाठी मेट्रोनं झिरो माईलला उतरून सिव्हिल लाईन्सला गेले, आवक खिडकीवर अर्ज दिला. इथे एक गोष्ट नीट ऐका, दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तिथल्या मॅडमनी स्वतःहून सांगितलं, की ताई समितीकडे मुख्यतः तक्रारी येतात, स्लॉट द्या असा हुकूम समिती देऊ शकत नाही, पण पत्र कंपनीकडे पाठवून खुलासा मागवता येतो, तर अर्जात "खुलासा मागवावा" असं लिहा. मी तिथेच बाकावर बसून पेनानं शेवटचा परिच्छेद बदलला. एवढं सरळ मार्गदर्शन आधीच्या अकरा पत्रांमधून मिळालं नव्हतं.

अर्जाला जोडायला काय, हा प्रश्न होता. सह्या गोळा केल्या, चारशे बारा झाल्या. पण खरं कामाला आलं ते काकूंचं रजिस्टर. निळ्या पुठ्ठ्याचं, कोपऱ्याला हळदीचे डाग, कारण ते कायम स्वयंपाकघरात फोनच्या खाली असायचं. कार्यक्रम झाल्यावर जो फोन येईल तो काकू लिहायच्या: तारीख, कुठून, काय विचारलं, काय सांगितलं. "भोलेबाबा नगर, नळाला पिवळं पाणी, झोन ऑफिसचा नंबर दिला." "सासू ऐंशी वर्षांची, अंगठा येत नाही, रेशन दुकानात काय करायचं." अशा एकोणीसशेच्या वर नोंदी निघाल्या. मी लायब्ररीवाली, मला नोंदीची किंमत कळायला पाहिजे होती, पण काकू सातवी शिकलेल्या आणि हे काम त्यांनी कुणी न सांगता केलं. तीन दिवस बसून आम्ही विषयवार तक्ता केला, पाणी, रेशन, दवाखाना, शाळा प्रवेश, पूर. झेरॉक्सला सहाशे चाळीस रुपये गेले. तुमचा कुठला लोकल कार्यक्रम चालू असेल तर आजपासून असं रजिस्टर घाला, भांडण लागेल तेव्हा नव्हे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया तिघांनीही रिचार्ज वाढवले. याचा संबंध पुढे आला. ऑगस्टमध्ये कंपनीच्या माणसांनी भेटायला बोलावलं, आम्ही चौघी गेलो. दोन तरुण पोरं, वागायला चांगली, चहा दिला. म्हणाली, काकू आता टीव्हीवर कोण बघतं, यूट्यूबवर टाका ना, जगभर दिसेल. आमच्यातल्या एकीनं पर्समधून आपला साधा बटणांचा फोन काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, बाळा मला जगभर नाही दिसायचं, मला आमच्या मागच्या लाईनला दिसायचं आहे, आणि मागच्या लाईनच्या आजीकडे हा असा फोन आहे, त्याचाही रिचार्ज गेल्या महिन्यात वाढला, तिच्याकडे रिमोट आहे आणि केबलचे पैसे ती दर महिन्याला भरते. पोरं गप्प झाली. वर विचारून सांगतो म्हणाली. मग सव्वादोन महिने काहीच नाही. मधे 28 ऑगस्टला रिलायन्स आणि डिस्नेच्या मोठ्या विलीनीकरणाला सीसीआयनं फेरबदलांसह मंजुरी दिल्याची बातमी वाचली, कंपन्यांनी स्वतःहून काही बदल कबूल केले म्हणून. मला वाटलं, दिल्लीत बसून एवढ्या मोठ्या कंपन्या बदल कबूल करतात तर अर्ध्या तासाचा बदल कबूल करायला नागपुरात एवढं काय अवघड आहे.

हे दोन महिने सगळ्यात वाईट गेले. दोघी जणी गळाल्या, त्यांचं चूक नाही, घरं आहेत, कामं आहेत. मलाही शनिवारी सात वाजले की टीव्हीसमोर बसवायचं नाही. त्याच दिवसांत एका कम्युनिटी रेडिओत, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या छोट्या रेडिओ केंद्रात, काम केलेली ताई भेटली, तिनं सांगितलं की 2012 मध्ये त्यांची स्पेक्ट्रमची, म्हणजे रेडिओ लहरी वापरायची, फी वर्षाला 19,700 वरून एकदम 91,000 केली होती, देशभरातल्या छोट्या स्टेशनांनी मिळून विरोध केला आणि ती वाढ मागे घ्यावी लागली. मी विचारलं, आम्हीही रेडिओच काढावा का. तर त्यासाठी संस्था निदान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत लागते, आणि आमची तर नोंदणीच नव्हती. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावायच्या. मर्यादा आहेत, पण दार आहे. तर दसऱ्याच्या आसपास आम्ही संस्थेच्या नोंदणीचा अर्ज टाकला.

15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. परत सगळं थांबणार म्हणून मी हात टेकले होते. आणि 30 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, ट्रायनं कन्सल्टेशन पेपर काढला: नव्या दूरसंचार कायदा 2023 खाली डीटीएच, रेडिओ, कम्युनिटी रेडिओ अशा प्रसारण सेवांना परवानगी कशी द्यायची. काकांना तो भाऊबीजेच्या दिवशी दिसला. त्यांच्या बहिणीनं ओवाळलं आणि ते तसेच कपाळावर कुंकू घेऊन आमच्याकडे आले, हातात मोबाईल, म्हणाले हे बघ, आत्ता विचारून राहिले, आता लिही.

ट्रायचं काम कसं चालतं ते सांगते. कुठलाही मोठा निर्णय किंवा शिफारस करायच्या आधी ते पेपर काढतात, त्यात नंबर टाकून प्रश्न असतात, कुणीही उत्तर पाठवू शकतं. फी नाही, वकील नाही. आलेली सगळी उत्तरं वेबसाईटवर टाकतात. मग एकमेकांच्या उत्तरांवर बोलायला काही दिवस देतात, आणि मग ओपन हाऊस चर्चा. पेपर इंग्रजीत आणि लांबलचक, पहिल्यांदा उघडल्यावर छातीत धस्स होतं. सगळे प्रश्न सोडवायचे नसतात. आम्ही फक्त तीन घेतले, चिवडा-चकलीचे डबे बाजूला सारून त्याच टेबलावर. शेवटी दोन मागण्या केल्या. एक, केबल नेटवर्कची मालकी बदलते तेव्हा आधीच्या वर्षी स्थानिक लोकांच्या कार्यक्रमाला किती वेळ होता हे नव्या मालकानं लेखी जाहीर करावं. दोन, जिल्ह्यासाठीच्या दोन चॅनेलपैकी एकावर तरी ठरावीक वेळ वस्तीच्या गटांना विनामूल्य ठेवावा. सोबत रजिस्टरचा तक्ता आणि पूररेघेच्या भागाचा फोटो. सुप्रीम कोर्टानं 9 फेब्रुवारी 1995 ला प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं होतं, तो निकाल केबलच्या वायरला तसाच लागू होत नाही हे मान्य करूनच उल्लेख केला. मूळ मराठीत लिहिलं, भाच्यानं इंग्रजी केलं, दोन्ही जोडले. चार पानं. मोठ्या कंपन्यांची उत्तरं पन्नास-पन्नास पानांची असतात, त्याकडे बघून घाबरू नका.

20 नोव्हेंबरला मतदान झालं. त्याच्या आधीच आमचा ईमेल गेला होता, पोचही आली. काही दिवसांनी वेबसाईटवर आमचं नाव दिसलं, त्या भल्याथोरल्या कंपन्यांच्या यादीत, काकूंना मोबाईलवर दाखवलं तर त्यांनी पदराला हात पुसून मोबाईल हातात घेतला. डिसेंबरात ओपन हाऊस ऑनलाइन होतं, आधी नाव नोंदवावं लागतं. खूप वेळानं नंबर लागला, दोन-तीन मिनिटं मिळाली. मी हिंदीत बोलले. आधी लिहून, घड्याळ लावून चार वेळा म्हणून बघितलं होतं, ते नक्की करा, कारण तिथे आवाज थरथरतो. मी पुराची रेघ सांगितली आणि दोन मागण्या सांगितल्या, बस.

आता कशामुळे झालं ते मला छातीठोक सांगता येणार नाही. समितीनं खुलासा मागवल्याचं पत्र आचारसंहिता संपल्यावर कंपनीकडे गेलं होतं, त्याची प्रत आम्हाला आली. आमची चार पानं सगळ्यांना दिसतील अशी वेबसाईटवर होती, त्यात कंपनीचं नाव आम्ही मुद्दाम घातलं नव्हतं, फक्त घडलेलं लिहिलं होतं. जानेवारी 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात त्या चहावाल्या दोघांपैकी एकाचा फोन आला, की काकू रविवारी सकाळी साडेआठचा अर्धा तास देतो. शनिवार संध्याकाळ नाही. आम्ही घेतला, पण या वेळी लेखी. दोन पानांचा करार, अकरा महिन्यांचा, बंद करायचं तर साठ दिवस आधी कळवायचं, मालकी बदलली तरी उरलेली मुदत पाळायची. ही शेवटची ओळ घालायला दहा दिवस लागले आणि त्यासाठी मी एकदा कागद टेबलावर ठेवून उठूनही आले होते. आणखी एक, त्यांनी सांगितलं की कार्यक्रमाला बातम्या म्हणू नका. स्थानिक बातम्यांसाठी ऑपरेटरला वेगळ्या अटी आहेत, रेकॉर्डिंगही नव्वद दिवस जपून ठेवावं लागतं. आम्ही "वस्तीची माहिती" म्हणतो. आणि आम्हीही आमच्याकडे सगळं जपतो, एका हार्डडिस्कवर.

सगळा खर्च मांडला तर चोवीसशे रुपयांच्या आसपास, त्यातले पाचशे त्या पहिल्या अकरा पत्रांचे वाया. वेळ अकरा महिने. 21 फेब्रुवारी 2025 ला ट्रायच्या शिफारशी आल्या. शिफारस म्हणजे नियम नव्हे, पुढचा निर्णय सरकारचा, त्यामुळे आमच्या त्या दोन मागण्यांचा पाठपुरावा चालूच ठेवणार आहोत. आणि संस्थेची नोंदणी झाली, तिला तीन वर्षं पूर्ण झाली की रेडिओचा अर्ज टाकायचा ठरलं आहे. कुणाला आमची चार पानं किंवा कराराचा नमुना पाहिजे असेल तर सांगा, पाठवते, जसाच्या तसा वापरा.

पहिला भाग 16 फेब्रुवारीच्या रविवारी लागला. नळाच्या वेळा, दहावी-बारावीच्या सेंटरला जाणाऱ्या बसेस, आणि शेवटी काकू स्वतः, रजिस्टर हातात घेऊन, तोपर्यंत त्या कधीच कॅमेऱ्यासमोर आल्या नव्हत्या. नऊ वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. काकूंनी जुन्या रजिस्टरचं पान उलटलं, मार्च 2024 च्या शेवटच्या नोंदीखाली एक रेघ मारली आणि तारीख टाकून लिहिलं: "मागच्या लाईनची आजी. आवाज बारीक येऊन राहिला म्हणते, वाढवा."